धर्मसंघातील अत्याचार : संशय आणि न्यायबुद्धी

डिसेंबर २०१९ मध्ये 'लीजन ऑफ क्राइस्ट' या कॅथलिक धर्मसंघाने स्वतःविषयीचा एक अहवाल जगापुढे ठेवला. १९४१ साली मेक्सिकोत स्थापन झालेल्या या संघातील ३३ धर्मगुरूंनी १७५ अल्पवयीन मुलांवर लैंगिक अत्याचार केले, असे त्यात नमूद होते. त्यांपैकी किमान ६० मुले एकाच व्यक्तीच्या वासनेला बळी पडली होती. ती व्यक्ती म्हणजे संघाचे संस्थापक फादर मार्सिआल मासिएल. ज्यांची छायाचित्रे संघाच्या घराघरांत मानाने लावली जात, ज्यांच्या पत्रांचे भक्तिभावाने वाचन होत असे, त्यांच्याविषयी त्यांच्याच वारसांना हे लिहून द्यावे लागले.

या अहवालातील संस्थापकांविषयीचा मजकूर नवा नव्हता. त्याचे सार १९९७ सालीच एका अमेरिकी दैनिकात छापून आले होते. तेव्हा याच संघाने त्याला कारस्थान म्हटले होते. चर्चमधील अनेक प्रामाणिक, बुद्धिमान आणि सद्हेतूने बोलणाऱ्या माणसांनीही ते असत्य मानले. एका वृद्ध, कीर्तिवंत धर्मगुरूवर चिखलफेक होऊ देणे अन्यायाचे आहे, अशी त्यांची भावना होती. न्यायबुद्धीचा आधार घेऊनच येथे अन्याय घडला, आणि तो अनेक वर्षे टिकला.

याउलट चूकही घडलेली आहे. आयर्लंडमध्ये २०११ साली एका निरपराध धर्मगुरूवर राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरून बलात्काराचा आरोप झाला आणि तो पूर्णतः खोटा ठरला. धर्मसंघांतील अत्याचारांची चर्चा करताना श्रद्धावान, टीकाकार आणि पत्रकार या सर्वांपुढे या दोन चुकांमधून वाट काढण्याचा प्रश्न असतो. ती वाट नेमकी कोठून जाते, याचा हा विचार.

न ऐकलेल्या साक्षी

मासिएल यांचा जन्म १९२० मध्ये मेक्सिकोतील कोतिहा या गावी झाला. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी संघाची स्थापना केली. कोवळ्या वयातील मुलांना विद्यार्थी म्हणून दाखल करून घ्यायचे, त्यांना घरापासून दूर स्पेन आणि इटलीत शिक्षण द्यायचे आणि कडक शिस्तीत धर्मगुरू घडवायचे, अशी संघाची रीत होती. १९५६ ते १९५९ या काळात मासिएल यांना प्रमुखपदावरून दूर करून व्हॅटिकनने चौकशी केली. अमली द्रव्यांचा वापर हा त्यातील एक मुद्दा होता. मात्र ते पुन्हा पदावर आले. त्या चौकशीत आपण आपल्या संस्थापकाला वाचवण्यासाठी खोटे बोललो, असे तेव्हाच्या काही विद्यार्थ्यांनी पुढे प्रौढ वयात सांगितले.

संघाचे अमेरिकेतील माजी प्रमुख असलेल्या एका धर्मगुरूने १९७६, १९७८ आणि १९८९ मध्ये आपली तक्रार रोमकडे पाठवली. तिचा उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये 'हार्टफर्ड करंट' या दैनिकात जेसन बेरी आणि जेरल्ड रेनर या पत्रकारांनी नऊ जणांचे आरोप प्रसिद्ध केले. बालपणी वा तारुण्याच्या उंबरठ्यावर मासिएल यांनी आपला लैंगिक छळ केला, असे या नऊ जणांचे म्हणणे होते. बहुतेकांनी स्वतःचे नाव लपवले नाही. आम्हाला पैसा नको, सत्य मान्य व्हावे एवढेच हवे, असे ते सांगत होते. मेक्सिकोतील एका दूरचित्रवाहिनीने हा विषय हाती घेतला, तेव्हा तिच्या जाहिराती काढून घेण्यात आल्या.

१९९८ मध्ये तक्रारदारांनी रोममध्ये धर्मकायद्यानुसार रीतसर फिर्याद दाखल केली. त्यासाठी त्यांनी निवडलेला मुद्दा ध्यानात घेण्याजोगा होता. अत्याचार जुने असल्याने त्यांना मुदतीची बाधा येण्याची शक्यता होती. परंतु आपल्याच पापात ओढलेल्या व्यक्तीला पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूने क्षमा देणे हा धर्मकायद्यात अतिशय गंभीर अपराध मानला जातो. मासिएल यांनी तसे केल्याचा आरोप फिर्यादीत होता. तरीही १९९९ नंतर प्रकरण थंडावले. नोव्हेंबर २००४ मध्ये मासिएल यांच्या धर्मगुरुदीक्षेला साठ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पोप जॉन पॉल द्वितीय यांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

त्यानंतर काही आठवड्यांतच कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांनी चौकशी पुन्हा सुरू केली. त्यांनी नेमलेले अधिकारी चार्ल्स शिक्लुना एप्रिल २००५ मध्ये न्यूयॉर्क आणि मेक्सिको येथे गेले आणि त्यांनी साक्षी नोंदवून घेतल्या. तोपर्यंत तक्रारदारांपैकी अनेकांनी साठी ओलांडली होती. मे २००६ मध्ये व्हॅटिकनने निर्णय जाहीर केला : वय आणि प्रकृती पाहता रीतसर खटला चालवला जाणार नाही, मासिएल यांनी सर्व सार्वजनिक धर्मकार्य सोडून प्रार्थना आणि प्रायश्चित्त यांत उरलेले आयुष्य घालवावे. त्या वेळीही संघाने आपले संस्थापक निर्दोष असल्याचे सांगितले आणि येशू ख्रिस्ताच्या आदर्शाप्रमाणे ते स्वतःचा बचाव करणार नाहीत, असे निवेदन काढले.

जानेवारी २००८ मध्ये मासिएल मरण पावले. त्यांना एक मुलगी असल्याचे संघाने २००९ मध्ये मान्य केले. १ मे २०१० रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्यांच्या गंभीर अनैतिक वर्तनाला निर्विवाद साक्षींचा आधार असल्याचे आणि त्यांतील काही कृत्ये हे खरोखरीचे गुन्हे असल्याचे स्पष्ट शब्दांत म्हटले गेले.

निरपराधित्वाचे गृहीतक

मासिएल यांच्या समर्थकांनी जे तत्त्व पुढे केले, ते मुळात उदात्त आहे. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निरपराध मानावा, हे आधुनिक न्यायव्यवस्थेचे एक अधिष्ठान आहे. पण हे तत्त्व कोणाला आणि कशासाठी लागू होते, याची गल्लत होऊ शकते. राज्यसंस्थेने एखाद्याला शिक्षा करण्यापूर्वी पुरावा द्यावा, असे ते सांगते. आरोपाची चौकशीच करू नये, असे ते सांगत नाही. आरोपी निरपराध आहे असे गृहीत धरायचे असेल, तर आरोप करणारा खोटा आहे असेही आपोआप गृहीत धरावे, असा अर्थ तर त्यातून मुळीच निघत नाही.

लीजनच्या बाबतीत हीच गल्लत झाली. अमेरिकेतील नामवंत कॅथलिक संपादक फादर रिचर्ड जॉन न्यूहाउस यांनी २००२ मध्ये आपल्या नियतकालिकात लिहिले, की मासिएल यांच्यावरील आरोप खोटे असल्याची आपली नैतिक खात्री झाली आहे. संघाचे कार्य, त्यातील तरुणांची निष्ठा आणि पोपचा विश्वास यांचे वजन त्यांच्या मनावर होते. परंतु या तीनही गोष्टी संघाविषयी काही सांगत होत्या. १९५०च्या दशकात बंद दाराआड काय घडले, याविषयी त्या काहीच सांगत नव्हत्या. चांगल्या फळांवरून झाड चांगले ठरवण्याचा तो प्रकार होता. न्यूहाउस यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. खात्री आणि पुरावा यांतील अंतर प्रामाणिक माणसालाही दिसेनासे होते, हाच या प्रसंगाचा बोध आहे.

तक्रारदारांच्या हेतूंचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. संघ सोडून गेलेली ही माणसे कडवट झालेली आहेत, असे म्हटले गेले. हेतूचा विचार करणे गैर नाही. न्यायालयेही तो करतात. परंतु हेतू कोठे शोध घ्यावा एवढेच दाखवतो, सत्य काय आहे ते दाखवत नाही. ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झाला, तो संघ सोडणार आणि कडवट होणार, हे तर स्वाभाविकच आहे. मग कडवटपणा हा खोटेपणाचा पुरावा कसा ठरावा?

संशयाची दुसरी बाजू

आता आयर्लंडकडे वळू. तेथे मे २००९ मध्ये न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या आयोगाचा पाच खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. धर्मसंघांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत आणि सुधारगृहांत अनेक दशके मुलांचा छळ होत होता, आणि मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सर्वत्र पसरलेला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्लिन धर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल आला. दोन्ही अहवालांनी देश हादरला. चर्चच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची लोकांची तयारी उरली नव्हती, आणि त्याला कारणही होते.

अशा वातावरणात २३ मे २०११ रोजी आरटीई या आयर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने एक शोधपर कार्यक्रम दाखवला. विषय होता परदेशांत गेलेल्या आयरिश मिशनऱ्यांच्या अत्याचारांचा. मिल हिल या मिशनरी संघाचे फादर केव्हिन रेनॉल्ड्स यांनी केनियात असताना १९८२ मध्ये एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केला आणि त्यातून तिला मूल झाले, असा आरोप त्यात त्यांच्या नावानिशी करण्यात आला. गॉलवे परगण्यातील आपल्या धर्मग्रामात मुलांच्या प्रथम कम्युनियनचा विधी आटोपून बाहेर आलेल्या रेनॉल्ड्स यांना वार्ताहराने कॅमेऱ्यासमोर गाठले होते. त्यांनी आरोप नाकारला. एवढेच नव्हे, तर कार्यक्रम प्रसारित होण्यापूर्वीच त्यांनी पितृत्वाच्या वैद्यकीय चाचणीची तयारी दाखवली. तरीही कार्यक्रम दाखवला गेला. रेनॉल्ड्स यांना धर्मकार्यातून बाजूला व्हावे लागले.

पुढे चाचणी झाली. ते त्या अपत्याचे पिता नसल्याचे निष्पन्न झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये आरटीईने जाहीर माफी मागितली, नोव्हेंबरमध्ये न्यायालयात नुकसानभरपाईसह तडजोड झाली आणि मे २०१२ मध्ये प्रसारण नियामक प्राधिकरणाने संस्थेला २ लाख युरोंचा दंड केला. ती कार्यक्रममालिकाही बंद झाली. माहितीच्या नोंदी नीट न ठेवणे, साक्षीदारांची पुरेशी पारख न करणे आणि वरिष्ठांची देखरेख अपुरी पडणे, असे दोष चौकशीत पुढे आले. एकाच दिशेने विचार करणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोणीही विरुद्ध प्रश्न विचारत नाही, या वृत्तीचीही चर्चा झाली.

या चुकीची किंमत केवळ रेनॉल्ड्स यांनी मोजली नाही. त्याच कार्यक्रमात इतर धर्मगुरूंविषयीचे आरोपही होते. एका खोट्या आरोपामुळे त्या सर्वांवर संशयाची छाया पडली. आफ्रिकेतील गरीब कुटुंबांतील ज्या मुलांवर खरोखरच अत्याचार झाले असतील, त्यांच्या बाजूने बोलणे यानंतर अधिक कठीण झाले. खोट्या आरोपाचा फटका निरपराध आरोपीला बसतो, आणि त्याच्याइतकाच तो पुढच्या खऱ्या पीडितालाही बसतो.

दोन चुका, एकच मूळ

मासिएल आणि रेनॉल्ड्स ही दोन प्रकरणे एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभी दिसतात. एकात आरोप खरा होता आणि तो नाकारला गेला. दुसऱ्यात तो खोटा होता आणि स्वीकारला गेला. परंतु दोन्हींत एक साम्य आहे. सत्य पडताळण्याचा मार्ग दोन्ही वेळा उपलब्ध होता, तो फारसा अवघडही नव्हता, आणि तरीही वेळेवर कोणी त्या मार्गाने गेले नाही. तक्रारदार शपथेवर सांगायला तयार होते. त्यांना बोलावून ऐकून घ्यायला शिक्लुना येईपर्यंत आठ वर्षे गेली. आयर्लंडमधील धर्मगुरू रक्ताचा नमुना द्यायला तयार होता. प्रसारण काही आठवडे पुढे ढकलले असते, तर सत्य बाहेर आले असते.

दोन्ही वेळा निर्णय घेणाऱ्यांनी समोरच्या पुराव्याऐवजी एका साच्याचा आधार घेतला. 'संतप्रवृत्तीचा संस्थापक असे करणार नाही' हा पहिला साचा. 'मिशनरी धर्मगुरू असेच करतात' हा दुसरा. पहिल्या साच्यामागे श्रद्धा होती आणि दुसऱ्यामागे कटू अनुभवातून आलेला संताप. दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत. मात्र एखाद्या विशिष्ट व्यक्तीने, विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट दिवशी काय केले, या प्रश्नाचे उत्तर त्यांतील एकही भावना देऊ शकत नाही.

याचा अर्थ दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात घडतात असा नाही. धर्मसंघांच्या इतिहासात खरे आरोप दडपले गेल्याची नोंद खोटे आरोप स्वीकारले गेल्याच्या नोंदीपेक्षा कितीतरी मोठी आहे. म्हणून कोणतीही तक्रार गांभीर्याने ऐकून घेण्याकडेच कल असला पाहिजे. पण ऐकून घेणे आणि निवाडा देणे या दोन वेगळ्या कृती आहेत. तक्रारदाराला 'आम्ही तुमचे म्हणणे खरे धरून तपास सुरू करत आहोत' असे सांगता येते, आणि त्याच वेळी लोकांपुढे 'तपास सुरू आहे, दोष सिद्ध झालेला नाही' असेही सांगता येते. यात विसंगती नाही.

आकडे वाचताना

या विषयातील आकडेवारीही सावधपणे वाचावी लागते. अमेरिकेत जॉन जे कॉलेजने २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात १९५० ते २००२ या काळातील ४ हजार ३९२ धर्मगुरूंविरुद्ध आरोप झाल्याचे आढळले. सेवेत असलेल्या एकूण धर्मगुरूंच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७ मध्ये १९५० ते २०१० या कालखंडासाठी ७ टक्के हे प्रमाण दिले. त्याच आकडेवारीत 'सेंट जॉन ऑफ गॉड' या संघातील ब्रदर्सच्या बाबतीत ते ४० टक्क्यांच्या वर होते.

हे आकडे आरोपांचे आहेत, न्यायालयात सिद्ध झालेल्या दोषांचे नव्हेत. 'इतके टक्के धर्मगुरू गुन्हेगार ठरले' असे त्यावरून लिहिणे चुकीचे होईल. दुसरीकडे, अनेक पीडित कधीच पुढे येत नाहीत, म्हणून खरी संख्या याहून कमीच असणार असे मानणेही चुकीचे होईल. एका देशातील एकूण धर्मगुरूंत ४ टक्के आणि एका संघात ४० टक्के, हा फरक सर्वांत अधिक बोलका आहे. 'सेंट जॉन ऑफ गॉड' हा संघ अपंग आणि मतिमंद मुलांची वसतिगृहे चालवत असे. जेथे मुले रात्रंदिवस संस्थेच्या ताब्यात असतात, ज्यांना बोलता येत नाही किंवा ज्यांच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तेथे धोका वाढतो. म्हणजे संशयाचा रोख श्रद्धेकडे किंवा वेशाकडे वळवण्यापेक्षा परिस्थितीकडे वळवणे अधिक फलदायी ठरते.

लीजनचा २०१९ चा अहवालही असाच वाचावा लागेल. संघाच्या संपूर्ण इतिहासात दीक्षा मिळालेल्या १ हजार ३५३ धर्मगुरूंपैकी ३३ जण, म्हणजे अडीच टक्क्यांहून किंचित कमी, अत्याचारी निघाले. बाकीच्या शेकडो जणांचा अत्याचारी म्हणून त्यात समावेश नव्हता. आपला संस्थापक संत आहे या विश्वासाने ज्यांनी घरदार सोडले, त्यांचीही एका अर्थाने फसवणूकच झाली. मासिएल यांचे खरे जीवन बहुसंख्य सदस्यांना ठाऊक नव्हते, हे व्हॅटिकनने २०१० मध्ये नोंदवले होते. त्यांना संस्थापकाच्या पापाचे भागीदार ठरवणे अन्यायाचे होईल. पण त्याच अहवालातील आणखी एक आकडा विसरता येत नाही : १७५ पैकी १११ मुले मासिएल यांच्या, त्यांच्या एखाद्या बळीच्या किंवा त्या बळीच्या बळीच्या अत्याचाराला सामोरी गेली होती. ३३ धर्मगुरूंपैकी १४ जण स्वतःही संघातच अत्याचाराला बळी पडलेले होते. अत्याचार सोसलेला प्रत्येक जण अत्याचारी होतो, असा याचा अर्थ नाही. बहुसंख्य तसे होत नाहीत. परंतु १९५६ मध्ये किंवा १९७६ मध्ये कोणी नीट ऐकून घेतले असते, तर या साखळीच्या पुढच्या काही कड्या जुळल्याच नसत्या.

धर्मसंघाची रचना

धर्मसंघ आणि धर्मप्रांत यांत एक महत्त्वाचा फरक आहे. धर्मप्रांताचा धर्मगुरू सामान्यतः एका भूभागाशी बांधलेला असतो. धर्मसंघाचा सदस्य मात्र ब्रह्मचर्य, निर्धनता आणि आज्ञापालन ही व्रते घेऊन संघाशी बांधला जातो, आणि संघ त्याला एका देशातून दुसऱ्या देशात पाठवू शकतो. ही गतिशीलता मिशनकार्याचे बळ आहे; तिच्यामुळे आरोपी व्यक्ती नजरेआड करणेही सोपे होते. संघातील वरिष्ठ हाच पालक, तोच शिक्षक आणि पुष्कळदा तोच आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. तक्रार त्याच्याविरुद्ध असेल, तर ती न्यायची कोणाकडे?

लीजनमध्ये या तीन व्रतांखेरीज आणखी एक खासगी व्रत होते. वरिष्ठांवर टीका करायची नाही आणि कोणी टीका केल्यास ती वरिष्ठांना कळवायची, असे ते वचन होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ते रद्द करायला लावले. टीका हे पाप मानणाऱ्या व्यवस्थेत खरी तक्रार आणि खोटी तक्रार यांतील फरक करण्याचे साधनच उरत नाही, कारण दोन्ही तोंडातून बाहेर पडण्यापूर्वीच दाबल्या जातात. अशा व्यवस्थेमुळे निरपराध सदस्याचेही रक्षण होत नाही. उघड चौकशीतून निर्दोष सुटण्याची संधी ती त्याला देत नाही; कुजबुजीतला संशय मात्र आयुष्यभर त्याच्या मागे राहतो.

वेगळे वागता येते, याचेही उदाहरण आहे. बर्लिनमधील कॅनिसियस कॉलेज या जेझुइट विद्यालयाचे तत्कालीन प्रमुख फादर क्लाउस मेर्टेस यांच्याकडे काही माजी विद्यार्थ्यांनी १९७० आणि ८०च्या दशकांतील अत्याचारांची हकिकत सांगितली. जानेवारी २०१० मध्ये मेर्टेस यांनी त्या वर्षांतील सुमारे ६०० माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले आणि कोणाला काही सांगायचे असल्यास सांगावे, असे आवाहन केले. पत्र वृत्तपत्रांत पोहोचले आणि जर्मनीभर पीडित बोलू लागले. संघाबाहेरील एका वकील महिलेने केलेल्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाला. स्वतःचेच घरटे घाण केल्याची टीका मेर्टेस यांना सहन करावी लागली. परंतु बदनामी पत्राने झाली नव्हती. पत्रापूर्वीच्या मौनाने ती ओढवली होती.

भारतातील संदर्भ

भारतात हा विषय परका नाही. केरळमध्ये जून २०१८ मध्ये 'मिशनरीज ऑफ जीझस' या संघातील एका धर्मभगिनीने जालंधरचे तत्कालीन बिशप फ्रँको मुळक्कल यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार केली. कोचीत पाच धर्मभगिनींनी तिच्या बाजूने उघड निदर्शने केली. सप्टेंबरमध्ये बिशपांना अटक झाली. संघाने काढलेल्या एका निवेदनासोबत तक्रारदार धर्मभगिनीचे छायाचित्र प्रसृत झाले आणि त्याबद्दल पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. पुढे आंदोलक धर्मभगिनींना बदलीचे आदेशही निघाले. १४ जानेवारी २०२२ रोजी कोट्टायम येथील न्यायालयाने बिशपांना निर्दोष मुक्त केले. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. जून २०२३ मध्ये पोपनी बिशपांचा राजीनामा स्वीकारला.

या प्रकरणाविषयी बोलताना निर्दोष मुक्ततेचा उल्लेख टाळणे हा बिशपांवर अन्याय ठरेल. सत्र न्यायालयाने आरोप शंकेपलीकडे सिद्ध झाला नसल्याचे म्हटले, म्हणजे तक्रारदार खोटी ठरली, असे मानणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. शिवाय खटल्याचा निकाल काहीही असो, तक्रारदाराची ओळख उघड करणे आणि तिची बाजू घेणाऱ्यांच्या बदल्यांचे आदेश काढणे या गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे. संस्था आरोपाला कसे सामोरे जाते, हे आरोप खरा की खोटा यावर अवलंबून असता कामा नये.

मुलांच्या बाबतीत भारतीय कायदा अधिक स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास त्याला शिक्षेची तरतूद आहे. त्याच कायद्याचे कलम २३ प्रसारमाध्यमांना पूर्ण आणि अधिकृत माहितीशिवाय मुलाची प्रतिष्ठा किंवा खासगीपणा बाधित करणारे वृत्त देण्यास आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई करते. पहिले कलम मौनाला आवर घालते, दुसरे उतावळेपणाला. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही धोके ओळखले होते.

चर्चमध्येही बदल झाले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये याच विषयावर जगभरातील बिशपांची परिषद झाली. तिच्या आयोजन समितीत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांचा समावेश होता. त्याच वर्षी मे महिन्यात निघालेल्या नियमांनुसार धर्मगुरू आणि धर्मसंघांचे सदस्य यांना अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक झाले, आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांवरील 'पोपची गोपनीयता' उठवण्यात आली. २०२३ मध्ये हे नियम कायमस्वरूपी करण्यात आले. पोलिसांना माहिती देण्याचा प्रश्न मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपवलेला आहे.

न्यायाची मागणी

धर्मसंघातील अत्याचाराची चर्चा होते, तेव्हा दोन प्रकारची अस्वस्थता जाणवते. श्रद्धावानाला वाटते, की आपल्या धर्मावर हल्ला होत आहे. भारतासारख्या देशात, जेथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही; अशा बातम्यांचा वापर संपूर्ण समाजाला दूषण देण्यासाठी होऊ शकतो. टीकाकाराला वाटते, की न्याय्य वागणुकीची भाषा ही पुन्हा झाकपाक करण्याची तयारी आहे. मासिएल प्रकरणानंतर हा संशयही अनाठायी म्हणता येत नाही.

या दोन्ही शंकांचे निरसन एकाच गोष्टीने होऊ शकते, आणि ती म्हणजे संस्थेबाहेरील, वेळेवर आणि नोंदींसह होणारी चौकशी. आरोप नेमका कोणता, तो कोणी कोणत्या दिवशी ऐकला, त्यावर काय केले, पडताळणीची कोणती साधने हाताशी होती आणि ती वापरली का, एवढे प्रश्न कोणत्याही प्रकरणात विचारता येतात. त्यांची उत्तरे आरोपीच्या सद्गुणांवर अवलंबून नाहीत, तक्रारदाराच्या कडवटपणावरही नाहीत. संघ बदलला, धर्म बदलला, आश्रमाऐवजी शाळा किंवा मदरसा असला, तरी हे प्रश्न तेच राहतात.

मासिएल यांच्यावर आरोप करणाऱ्यांपैकी काही जण आपले म्हणणे मान्य होण्यापूर्वीच हे जग सोडून गेले. रेनॉल्ड्स आपल्या धर्मग्रामात परतले, पण त्या उन्हाळ्याचे महिने त्यांना कोणी परत देऊ शकले नाही. एका ठिकाणी ऐकायला फार उशीर झाला, दुसऱ्या ठिकाणी बोलायला फार घाई झाली. दोन्ही ठिकाणी ज्यांच्या हाती अधिकार होता, त्यांनी एक साधा प्रश्न वेळेवर विचारायला हवा होता : हे खरे आहे की नाही, ते कसे कळेल?